बाजूचं दार

मुलगी वळणावरून दिसेनाशी झाली तशी आईने हातातला कोबी परत ढिगावर ठेवला.

"का हो काकू, कोबी वाईट आहे का?" भाजीवाल्याने विचारलं.

"कोबी चांगला आहे रे. माझंच डोकं ठिकाणावर नाही."

रिकामी पिशवी काखेत मारून ती निघाली. भाजीवाला तिच्याकडे बघतच राहिला. कोबी कुठून आला, कधी तोडला, आत अळी तर नाही ना, एवढं सगळं विचारून झाल्याशिवाय ही बाई कधी हललेली त्याने पाहिली नव्हती.

विचारणं हा तिचा स्वभावच होता. गल्लीत तिला तोंडावर काकू म्हणत आणि पाठीमागे 'चौकशी'. हे नाव पडलं ते नवऱ्यामुळे. त्याची सगळी नोकरी बसस्थानकावर घोषणा करण्यात गेली. कुठली गाडी कुठल्या फलाटावर लागली, कुठली उशिरा येणार, कुणाचं मूल हरवलंय आणि चौकशीच्या खिडकीपाशी रडत बसलंय. तो निवृत्त झाला, पण आवाज काही निवृत्त झाला नाही. त्याच्या अंघोळीचं पाणी तापलं की चार घरांना कळे. लोक त्याला 'भोंगा' म्हणत. "घोषणा आणि चौकशी दोन्ही एकाच घरात," असं हसत, "मग स्थानकावर जायचंच कशाला?"

तर ही चौकशी आज भरदुपारी स्वतःच्या लेकीच्या मागे, भिंतीच्या कडेकडेने, चोरासारखी चालली होती.

लेक डोळ्यांच्या दवाखान्यात लोकांचे चष्म्याचे नंबर काढायची. काम दुपारी संपे आणि दवाखाना तसा हाकेच्या अंतरावर. तरी बऱ्याच दिवसांपासून तिला घरी यायला उशीर होत होता. आई घरी बसून कपडे दुरुस्त करून देई, त्यामुळे माणसाच्या आधी तिची नजर त्याच्या कपड्यांवर जायची. लेकीच्या बाहीवर, कोपराच्या जरा खाली, तिला पिवळसर डाग दिसला. नाकाशी धरला तर लाकडाच्या पॉलिशचा वास.

"हे काय गं लागलंय?"

"लागलं असेल कुठंतरी," म्हणून लेक जिना चढून वर गेली.

कुठंतरी! त्या एका शब्दाने आईची झोप उडवली. जावई जहाजावर कामाला, वर्षातून दोनदा तोंड दाखवणारा. बाजारात फर्निचरवाल्यांची तीन दुकानं. नको ते विचार मनात येऊन गेले. ते आले म्हणून तिने स्वतःलाच दोन शिव्या घातल्या, आणि तरीही आज कोबी टाकून निघाली.

लेक बाजाराकडे वळलीच नाही. ती मागच्या टोकाने चर्चच्या भिंतीलगतच्या बोळात शिरली. आई कोपऱ्यावर थबकली. त्या बोळात दुसरं काही नव्हतं. एका अंगाला चर्चची लांब भिंत, दुसऱ्या अंगाला गोदामाची, आणि मध्यावर चर्चचं बाजूचं दार. लेकीने मागेपुढे पाहिलं नाही. दार ढकललं आणि ती आत गेली.

आईने भिंतीला हात टेकला. 'कुठं' या प्रश्नाची तिने मनात शंभर उत्तरं काढून ठेवली होती. त्यात हे नव्हतं.

*

मागच्या हिवाळ्यात नातू गेला. सहा वर्षांचं पोर, दिवसभर तोंडाने काहीतरी गुणगुणत घरभर फिरायचं, म्हणून त्याचं नाव भुंगा. आजोबा भोंगा आणि नातू भुंगा, दोघं एकत्र आले की घरात स्वतःचा विचारही ऐकू यायचा नाही. ताप आला, मेंदूत शिरला, आणि आठवड्याच्या आत ते गुणगुणणं थांबलं.

चर्चमध्ये छोटी शवपेटी पुढे ठेवली होती. पाळकांची प्रार्थना संपली आणि कुणालाच काही सुचेना, तेव्हा आजोबा उठून उभे राहिले. त्यांना काही बोलायचं नव्हतं खरं तर. पण शांतता म्हणजे यंत्र बिघडलं, एवढंच त्यांना जन्मभर ठाऊक. ते आपल्या फलाटावरच्या आवाजात म्हणाले, "ज्याची ठेव होती, तो घेऊन गेला. आपण तक्रार करायची नाही."

आवाज वर छतापर्यंत गेला. लेकीने मान वर करून बापाकडे पाहिलं.

घरी आल्यावर पायातले बूट काढता काढता ती म्हणाली, "बाबा, यापुढे माझ्यासमोर देवाचं नाव काढायचं नाही. एकदाही नाही."

त्यानंतर मंडळी भेटायला आली. कुणी म्हणालं, स्वर्गात फूल कमी पडलं असेल. कुणी म्हणालं, ज्याच्यावर प्रेम त्याचीच परीक्षा. एक जण म्हणाली, तू अजून तरुण आहेस. लेक प्रत्येकाला चहा देत होती आणि प्रत्येकाचा कप संपायच्या आत उचलत होती. तिचा नवरा जहाजावर परतला तशी ती आईवडिलांकडे, वरच्या खोलीत राहायला आली. चर्चची पायरी मात्र तिने पुन्हा चढली नाही.

बाबांनी तिचा शब्द पाळला. जेवायला बसल्यावर ते डोळे मिटत, ओठ हलवत आणि आवाज अजिबात काढत नसत. टीव्हीचा आवाज बंद करून बातम्या लावाव्यात तसं ते दिसे. आईला एकदा त्याचं हसू आलं आणि दुसऱ्याच क्षणी ती पाणी आणायला उठली.

*

बाजूचं दार बोटभर उघडं राहिलं होतं. आईने फटीला डोळा लावला.

लेक सर्वांत मागच्या बाकावर बसली होती. बूट काढून बाजूला ठेवलेले. पुढच्या बाकाच्या पाठीवर दोन्ही हात आडवे आणि हातांवर कपाळ. बाक नुकतेच कुणीतरी घासूनपुसून चकचकीत केले होते. बाहीवरच्या डागाचं कोडं तिथल्या तिथे सुटलं.

तिचे हात जोडलेले नव्हते. खांदे हलत नव्हते. लांबच्या प्रवासात पुढच्या सीटवर डोकं टेकून माणूस झोपतं, तशी ती होती. झोपली होती का? की बोलत होती? बोलत असेल तर काय बोलत होती? भांडत होती का? किती दिवस येते आहे? पहिल्यांदा आली तेव्हा काय झालं होतं? सगळे प्रश्न एकदम आईच्या दातांशी येऊन उभे राहिले. तिने दार ढकलायला हात उचलला.

एवढ्यात लेकीने एक लांब श्वास सोडला. त्या रिकाम्या जागेत तो स्पष्ट ऐकू आला. भुंगा गेल्यापासून असा पूर्ण श्वास तिने घरात घेतलेला आईला आठवेना.

आईचा हात तसाच खाली आला. चपला हातात घेऊन ती अनवाणी बोळाबाहेर पडली.

*

तोंडात गरम बटाटा धरून गप्प बसावं, तसे तिचे पुढचे दिवस गेले.

नवऱ्याला सांगायची तर सोयच नव्हती. त्याला सांगणं म्हणजे फलाटावर सांगणं. येत्या रविवारी उपासना संपली की हा उभा राहणार, घसा साफ करणार, "मंडळींनी लक्ष द्यावं," म्हणणार आणि लेक परत आल्याची घोषणा करणार. मग बायका फुलं घेऊन घरी येणार, गळ्यात पडणार, प्रभूचे आभार मानणार. आणि लेक ते दार पुन्हा कधी ढकलणार नाही. आईला हे सगळं डोळ्यांसमोर दिसत होतं.

"आज गप्पशी?" जेवताना नवऱ्याने विचारलं.

"दाढ दुखतेय."

"डॉक्टरकडे चल की मग!" हे शेजारच्या घरालाही ऐकू गेलं असावं.

रविवारी उपासनेनंतर महिला मंडळाच्या अध्यक्षबाईंनी तिला दारातच गाठलं. "आम्ही चौघीजणी येतो एकदा. तिच्यासोबत बसून प्रार्थना करू. किती दिवस असं दूर राहायचं पोरीने?"

"नको," आई म्हणाली.

अध्यक्षबाईंच्या भुवया वर गेल्या. या बाईच्या तोंडून त्यांनी आजवर नुसता नकार ऐकला नव्हता. तिच्या नकारालाही दोन-तीन प्रश्न जोडलेले असायचे.

"नको म्हणजे?"

"हल्ली तिला जरा श्वास घेता येतोय," आई म्हणाली आणि पुढे सरकली.

पायऱ्यांवर पाळक उभे होते. तरुण माणूस, सगळ्यांची विचारपूस करायची मनापासून हौस. "तुमची मुलगी कशी आहे? काही फरक?"

"तब्येत चांगली आहे तिची."

तिच्या जिभेवर वेगळाच प्रश्न होता. मागे माइक चोरीला गेल्यापासून चर्च आठवडाभर कुलूपबंद असे. मग ते बाजूचं दार दुपारचं उघडं कसं? कोण उघडतं? पण तिला उमगलं की हा प्रश्न विचारणं हीच एक घोषणा होईल. उद्या हे भले गृहस्थ दुपारी हसतमुखाने त्या बाकापाशी जाऊन उभे राहतील. तिने जीभ चावली, अगदी खरोखरची चावली, आणि घरी येऊन गार पाण्याने चूळ भरली.

एक गोष्ट पोटात ठेवणं तिला जमलं. पण दुसरी काही राहीना. दार कोण उघडतं?

म्हणून एका दुपारी ती लेकीच्याही आधी जाऊन भाजीवाल्याच्या ताडपत्रीमागे उभी राहिली. तिथून बोळ सरळ दिसत होता.

"आज काय देऊ काकू?"

"आज काही नको. तू तुझं काम कर, मला इथं सावलीत उभी राहू दे."

बोळात एक माणूस शिरला. हातात फडकं, खिशात डबा. त्याने कुलूप काढलं, आत गेला, थोड्या वेळाने बाहेर आला. दार त्याने बोटभर उघडं ठेवलं, पुन्हा मागे जाऊन किती उघडं आहे ते पाहिलं, आणि रस्ता ओलांडून बोळाच्या समोरच्या बाकावर वर्तमानपत्र पसरून बसला.

आईने ताडपत्रीचा बांबू धरला. तो तिचा नवरा होता.

रोज दुपारी तो "पाय मोकळे करून येतो," असं गल्लीभर सांगून निघायचा. चर्चची किल्ली मागून घ्यावी आणि बाक पॉलिश करून द्यावेत, असं मध्यंतरी तो एकदा म्हणाला होता. मग त्याचं नाव निघालं नाही, म्हणून तिला वाटलं, बेत बारगळला. नखं कापली तरी सांगणारा माणूस तो. जे तो बोलत नाही ते करतही नाही, असंच ती इतकी वर्षं धरून चालली होती.

बोळाच्या दुसऱ्या टोकाने लेक आली. वर्तमानपत्र इंचभरही हललं नाही. लेक आत गेली.

थोड्या वेळाने फुलांची टोपली घेऊन अध्यक्षबाई येताना दिसल्या. त्या बोळाकडे वळणार, तोच नवरा उठला.

"अहो बाई! थांबा थांबा! तुम्हालाच शोधत होतो!" त्या आवाजाने भाजीवाल्याच्या तराजूवरची चिमणी उडाली. "त्या दिवशीची गंमत सांगायची राहिली ना तुम्हाला! एका माणसाने बसमध्ये चक्क शिडी आणली हो, शिडी!" बोलता बोलता त्याने टोपली त्यांच्या हातातून घेतली, त्यांना बाजाराच्या दिशेने वळवलं, आणि शिडीची गोष्ट दूर दूर जात ऐकू येईनाशी झाली.

आईने पिशवी तोंडावर धरली. ती हसत होती की काय करत होती, हे भाजीवाल्याला कळलं नाही. त्याने तिच्यासमोर एक उपडी पेटी सरकवली.

"बसा काकू."

त्या संध्याकाळी नवरा घरी आला, बूट काढले, खुर्चीत बसला आणि वाट बघू लागला. काहीच झालं नाही. ती शिवणयंत्रावर कुणाच्या तरी पँटची झिप बसवत होती.

"आज विचारलं नाहीस?" अखेर तोच म्हणाला.

"काय?"

"कुठं होतो, एवढा वेळ का लागला, कोण भेटलं."

"पाय मोकळे करायला गेला होतात. त्यात काय विचारायचं?"

त्याने तिच्याकडे पाहिलं. ती झिप खालीवर करून बघत होती.

*

हवा बदलली आणि नवऱ्याला ताप भरला. सकाळी लेकीने कामावर जाण्याआधी त्याच्या कपाळाला हात लावून पाहिला, गोळी दिली. सकाळ त्याने कण्हत काढली. दुपार झाली तसं मात्र त्याचं कण्हणं थांबलं आणि चुळबुळ सुरू झाली. तो उठून बसे, घड्याळ बघे, पुन्हा आडवा होई.

"माझा कोट कुठाय?"

"खुंटीवर आहे. तापात कोट कशाला?"

"जरा... पाय..." तो उभा राहिला आणि खुंटीपर्यंत न पोचताच परत पलंगावर बसला. त्याचा चेहरा इतका केविलवाणा झाला की तिला बघवेना.

"पडा तुम्ही. मी जरा बाहेर जाऊन येते."

"तू? कुठं?"

"पाय मोकळे करायला."

तिने खुंटीवरच्या कोटाच्या खिशात हात घातला. किल्ली फडक्यात गुंडाळलेली होती. तिने ती काढून मुठीत धरली आणि त्याच्याकडे न बघता चपला घातल्या.

ती दारापर्यंत पोचली तेव्हा तो छताकडे बघत हळूच म्हणाला, "कुलूप जरा अडतं. किल्ली किंचित उचलून फिरवावी लागते."

एवढ्या हळू आवाजात तो बोलू शकतो हे तिला त्या दिवशी कळलं.

किल्ली उचलून फिरवल्यावर कुलूप निघालं. तिने दार बोटभर उघडं ठेवलं आणि समोरच्या बाकावर येऊन बसली. वर्तमानपत्र आणायचं विसरली होती, म्हणून मांडीवर पिशवी घेऊन तिच्या शिवणीकडे बघत राहिली. लेक आली, आत गेली. आईने मान वर न करता फक्त पायांचा आवाज ऐकला.

आणि मग समोरून पाळक येताना दिसले. हातात कागदांची गुंडाळी, चाल घाईची, रोख थेट बोळाकडे. तिला शिडीची गोष्ट येत नव्हती. तिला जे येत होतं ते तिने केलं.

"पाळकसाहेब, एक विचारू का?"

ते थांबले. "विचारा की."

"घंटेचा दोर बदललात का हो? त्या दिवशी आवाज जरा बसका वाटला."

"दोर तोच आहे. दमट हवेने होत असेल." त्यांनी पाऊल उचललं.

"आणि गाण्याच्या सरावाला नवीन मुलगी येते ती कुणाची?"

"ती होय? पोस्टातल्या बाईंची भाची." आणखी एक पाऊल.

"आणि हिवाळ्यात उपासना उशिरा सुरू करणार म्हणे?"

"अजून ठरलं नाही. बरं, मी जरा आतून..." त्यांचं लक्ष बोळात गेलं. उघडं राहिलेलं दार त्यांना दिसलं असावं, कारण त्यांच्या कपाळावर आठी पडली.

आईने घाईघाईने तोंड उघडलं. कुठलातरी प्रश्न, कुठलाही प्रश्न. आणि जो बाहेर पडला तो तिने शोधलेला नव्हता.

"आमचा भुंगा तिथं सहा वर्षांचाच राहतो, की मोठा होतो?"

पाळक वळले.

"म्हणजे," ती पिशवीच्या बंदाला गाठ मारत म्हणाली, "मी जाईन तेव्हा तो केवढा असेल? त्याच्या मापाचा एक सदरा शिवून ठेवलाय मी. वाढदिवसाला द्यायचा होता. तो होईल का त्याला? की उसवून लांब करावा? कुणाला विचारायचं हे? घरात विचारायची सोय नाही."

पाळकांनी तोंड उघडलं. त्यांच्यापाशी शब्द होते, दफनाच्या दिवशीही होते. ओठांपर्यंत काहीतरी आलेलं तिला दिसलं. मग ते परत गेलेलंही दिसलं. त्यांनी कागदांची गुंडाळी बाकावर ठेवली आणि तिच्या शेजारी बसले. त्यांनी डोळे मिटले नाहीत, हात जोडले नाहीत. समोरच्या बोळाकडे बघत राहिले. तीही बघत राहिली. रस्त्याने एक सायकल गेली, एक हातगाडी गेली. तिला नवल वाटलं की तो प्रश्न आता पूर्वीइतका जड नव्हता.

बाजूचं दार करकरलं. लेक बाहेर आली आणि या वेळी बोळाच्या याच टोकाकडे चालू लागली.

पाळक अर्धवट उठले, पुन्हा बसले. मग त्यांनी वाकून आपल्या बुटाची नाडी सोडली आणि ती अतिशय लक्षपूर्वक, जणू पहिल्यांदाच शिकत असल्यासारखी, बांधायला घेतली.

लेक रस्ता ओलांडून बाकापाशी आली. तिच्या कपाळावर बाहीच्या घडीचा लालसर वळ उमटला होता. आईच्या ओठांवर विचारण्यासारखं एवढं काही गोळा झालं की तिने ते घट्ट मिटून घेतले.

"आज तू होय?" लेक म्हणाली.

आईने मान हलवली.

"बाबांचा ताप?"

"उतरेल."

लेकीने वर सूर्याकडे पाहिलं, डोळे बारीक केले, आणि आईवर सावली पडेल अशी जरा बाजूला सरकून उभी राहिली.

"डोक्याला काही बांधून यायचंस ना गं," ती म्हणाली. "बाबा टोपी घालून बसतात. या बाकावर ऊन फार लागतं."